सोसायटीच्या चार्जरमधून २७७ युनिट गेली कुठे? अनधिकृत चार्जिंग कसं थांबवावं?

वाकडचा_सचिव (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण मला खरोखर मदत हवी आहे.

आमची वाकडमधली १४२ सदनिकांची सोसायटी. दीड वर्षापूर्वी तळघरात ७.४ किलोवॅटचे चार सामाईक चार्जर बसवले. सभासदाने कार्ड टेकवायचं, दिवा हिरवा झाला की गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं टोक, गाडीला लावायची. पैसे कंपनीच्या अॅपमधून कापले जातात आणि महिनाअखेर कंपनी आम्हाला युनिटप्रमाणे रक्कम देते. वीज कॉमन मीटरची, पण चार्जरच्या लाइनवर आमचा स्वतःचा सब-मीटर आहे. बसवताना "कंपनी मोजतेच आहे, वेगळा मीटर कशाला" असं बरेच जण म्हणत होते. मी हट्टाने बसवून घेतला.

गेल्या महिन्यात सब-मीटरवर ८८९ युनिट पडली. कंपनीच्या अहवालात ६१२. म्हणजे २७७ युनिट कोणीतरी वापरली आणि त्याचे पैसे आले नाहीत. त्याच्या आदल्या महिन्यातही फरक होता, पण तो आम्ही वायरिंगमधली घट म्हणून सोडून दिला. एवढी घट होत नाही हे आता कळतंय.

रविवारी कमिटीची बैठक झाली. दोन गोष्टी पुढे आल्या. एक, वॉचमन रात्री बाहेरच्या गाड्या आत घेतो. दोन, पंपरूमजवळच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर डिलिव्हरीची मुलं स्कूटर लावतात. उपाय ठरला तो असा: पंपरूमचा पॉइंट काढून टाकायचा, चार्जरना रात्री दहानंतर कुलूप आणि वॉचमनला समज.

समज देण्याचं काम माझ्याकडे आलं. अकरा वर्षं आमच्याकडे असलेल्या काकांना मी सगळ्यांसमोर विचारलं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मी कार्ड कुठून आणू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही, म्हणून इथे विचारतोय. कुलूप लावून हे थांबेल का? ज्यांच्याकडे सामाईक चार्जर आहेत त्यांनी काय केलं?

---

पिंपळेकर

आमच्याकडे कुलपाचा प्रयोग झालाय. पत्र्याची पेटी करून सॉकेट आत घेतला, किल्ली सुरक्षा केबिनमध्ये. दोन महिन्यांत किल्लीच्या किती नक्कल झाल्या देव जाणे. शिवाय रात्री अडीचला कोणाची गाडी पूर्ण झाली की किल्लीसाठी वॉचमनला उठवायचं. लोक वैतागले आणि पेटी उघडीच राहू लागली. कुलूप लावाल, पण ते पाळणार कोण याचा विचार करा.

---

मीटररूम

मी सहा वर्षं चार्जर बसवण्याच्या आणि चालू करून देण्याच्या कामात आहे. कमिटीने घाई केली असं मला वाटतं. आधी चार गोष्टी सांगा.

पंपरूमचा पॉइंट चार्जरच्या सब-मीटरवरून गेलाय का? नसेल तर तिथे शंभर स्कूटर लावल्या तरी तुमच्या ८८९ मध्ये एक युनिट वाढणार नाही.

दुसरं, हिशेब मांडा. विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारण ३ ते ४ युनिटची. पूर्ण रिकामी बॅटरी भरली तरी भिंतीतून चार-साडेचार युनिटच्या वर जात नाही. २७७ युनिटसाठी महिन्याला साठ-सत्तर पूर्ण चार्जिंग लागतील, आणि तीही टाइप २ च्या, म्हणजे कारच्या, गनमधून, जी या स्कूटरना बसत नाही. उलट ३० युनिटची बॅटरी असलेली एखादी कार नऊ वेळा लागली की हिशेब जुळतो. तुम्ही स्कूटरवाल्यांच्या मागे आहात आणि आकडा कारकडे बोट दाखवतोय.

तिसरं, तळघरात चार्जरला इंटरनेट कुठून मिळतं? सिमकार्ड की वायफाय?

चौथं, कंपनीकडून बिल झालेल्या चार्जिंगची यादी नको. सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक नोंदीची कच्ची यादी मागा, नाकारलेल्या आणि अनोळखी कार्डांसकट. ती देताना टाळाटाळ होईल. लेखी मागा.

आणि आजपासून सब-मीटरचं रीडिंग रात्री दहा आणि सकाळी सात, असं रोज दोनदा लिहा. महिन्याच्या एका आकड्यावरून चोर सापडत नाही.

---

वाकडचा_सचिव

दादा, आत्ता खाली जाऊन पाहून आलो. पंपरूमचा पॉइंट पाण्याच्या पंपाच्या डीबीवर (वीजवाटपाच्या पेटीवर) आहे. सब-मीटरशी त्याचा काही संबंध नाही. डिलिव्हरीच्या मुलांचा या २७७ युनिटशी संबंधच नाही. हे बैठकीआधी मी पाहायला हवं होतं.

इंटरनेट वायफायवर आहे, राउटर तळघरात. रीडिंगची वही आज रात्रीपासून सुरू करतो. काकांनाच विचारलं, ते लिहितो म्हणाले.

---

कलम_आणि_पोटकलम

बैठकीत कोणी "वीजचोरीची केस टाका" म्हणायच्या आत थोडं लिहितो.

विद्युत कायदा २००३ मध्ये दोन वेगळी कलमं आहेत आणि लोक ती एकत्र करतात. कलम १३५ चोरीचं. त्याचा रोख वितरण कंपनीच्या तारेवर आकडा टाकणं, मीटरमध्ये फेरफार करणं यांवर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तुमच्या बाबतीत वीज मीटरमधून मोजून आलेली आहे, महावितरणला पूर्ण पैसे मिळालेत. नुकसान सोसायटीचं आहे.

कलम १२६ अनधिकृत वापराचं. ज्या कारणासाठी किंवा ज्या जागेसाठी जोडणी मंजूर झाली त्यापेक्षा वेगळा वापर केला तर दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून सुरू झाला हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. हे कलम गाडीवाल्यापेक्षा सोसायटीच्या अंगावर येण्याची शक्यता जास्त. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र दरवर्गवारी केली आहे. आपल्या जागेत आपली गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो. पण निवासी दराच्या कॉमन मीटरवरून बाहेरच्या गाड्यांना पैसे घेऊन चार्जिंग द्यायला लागलात तर वेगळी जोडणी घेणंच योग्य. परवान्याची मात्र भीती नको. चार्जिंग ही सेवा आहे, ती वीजविक्री नव्हे, त्यामुळे वितरणाचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केलाय.

तेव्हा चार्जर कोणी वापरायचा, पाहुण्यांचं काय, विनापरवानगी वापराची वसुली कशी, हे सर्वसाधारण सभेत ठराव करून लिहून घ्या. नियमच नसेल तर अनधिकृत कशाला म्हणणार?

---

गोदाकाठ

आम्ही नाशिकला. सामाईक चार्जर नाही, माझ्या घरच्या मीटरवरून माझ्या पार्किंगपर्यंत केबल ओढून १५ अँपिअरचा पॉइंट घेतलाय. अंतर चाळीस मीटर, म्हणून वायरमनने जाड तांब्याची केबल घ्यायला लावली. खर्च झाला, पण वीज माझी, बिल माझं.

तरी प्रसंग घडलाच. गावाहून परतले तर सॉकेट तपकिरी झालेला, एका भोकाभोवती प्लास्टिक वितळून थेंबासारखं ओघळलेलं आणि जवळ गेलं की जळका वास. कोणीतरी ६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावून रात्रभर काहीतरी मोठं चार्ज केलं होतं. चाळीस-पन्नास रुपयांची वीज गेली त्याचं दुःख नाही. वरच्या मजल्यावर माझी आई एकटी झोपली होती.

त्यानंतर वायरमनने घरातच, दाराजवळ एक स्विच दिला. तो खालच्या लाइनचा कॉन्टॅक्टर, म्हणजे दुरून चालवता येणारा स्विच, चालू-बंद करतो. गाडी लावून वर आले की स्विच चालू, सकाळी बंद. पॉइंटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली. आता कोणीही प्लग घातला तरी त्यात वीजच नसते. स्वतःचा पॉइंट असलेल्यांनी हे करून घ्याच. सचिवदादा, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांच्याशी बोला.

---

स्पष्टच_सांगतो

सगळ्यांनी फार मऊ भूमिका घेतली आहे. पंपरूमच्या पॉइंटवरही सोसायटीची वीज जाते आणि तिचे पैसे आम्ही सभासद भरतो. २७७ मध्ये ती नसेल, पण फुकट तर आहेच. बाहेरच्या माणसाला आमच्या आवारात वीज कशासाठी? पॉइंट काढावा हे माझं ठाम मत.

---

दोन_चाकी_दहा_तास

मी डिलिव्हरी करतो. वाकड-हिंजवडी भागात. नेहमी इथे फक्त वाचतो, आज लिहितोय.

भाड्याची स्कूटर आहे. सकाळी पूर्ण भरलेली असली तरी संध्याकाळी सातच्या सुमाराला काटा खाली येतो, आणि नेमक्या तेव्हाच ऑर्डर सुरू होतात. मी राहतो तिथे तिसऱ्या मजल्यावर खोली, खाली पॉइंट नाही. सोसायटीत वॉचमनला विचारून अर्धा तास लावली की पाऊण युनिटही जात नाही, पण माझ्या दोन-तीन ऑर्डर होतात. न विचारता मी कधी लावली नाही. पैसे घ्यायला कोणी तयार असेल तर द्यायची तयारी आहे. एका सोसायटीत गेटजवळ क्यूआर कोड लावलेला पॉइंट आहे, तिथे मी नियमित पैसे देऊन लावतो.

चोर म्हणू नका, एवढंच.

---

ऱ्हाइनकाठी

मी पंधरा वर्षं जर्मनीत आहे, इथला अनुभव सांगतो. कारण कार्डाचा प्रश्न इथे आधी येऊन गेलाय.

डिसेंबर २०१७ मध्ये लाइपझिगला केऑस कम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेच्या वार्षिक संमेलनात मथियास डालहाइमर या संशोधकाने चार्जिंग कार्डांची सुरक्षा सगळ्यांसमोर उलगडून दाखवली. चार्जर कार्डाकडून फक्त एक क्रमांक वाचतो, खात्री करून घेत नाही. तो क्रमांक दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवला की दुसऱ्याच्या खात्यावर गाडी भरता येते. कार्डाला स्पर्श करायचीही गरज नाही, क्रमांक कळला की पुरे.

इथे मोजमापाच्या बाजूला मात्र कायदा कडक आहे. सार्वजनिक चार्जरच्या मीटरचं रीडिंग डिजिटल सहीसकट द्यावं लागतं, म्हणजे बिलातला आकडा मीटरमधलाच आहे हे ग्राहकाला तपासता येतं. सचिवसाहेब, तुमचा सब-मीटर तेच काम घरगुती पातळीवर करतोय. तो हट्ट अगदी योग्य होता.

---

वाकडचा_सचिव

आठ दिवसांची वही झाली. काकांनी एकही नोंद चुकवली नाही, आणि शेजारी स्वतःहून वेळही लिहिली.

सकाळी सात ते रात्री दहा: सब-मीटर आणि अॅप जवळजवळ जुळतात. रात्री दहा ते सकाळी सात: सहा रात्री जुळलं. दोन रात्री प्रत्येकी तीसेक युनिटचा फरक.

म्हणजे हे रात्रीच होतंय आणि रोज होत नाही. आता काय पाहू?

---

मीटररूम

राउटर कोणत्या लाइनवर आहे ते पाहा. रात्री तो चालू असतो का?

---

वाकडचा_सचिव

काल रात्री साडेबाराला स्वतः खाली जाऊन थांबलो. बरोबर साडेबाराला टायमरने तळघरातले निम्मे दिवे बंद झाले आणि राउटरचे दिवेही विझले! वीज वाचवायला आम्हीच गेल्या वर्षी तो टायमर बसवला, आणि राउटरचा प्लग त्याच लाइनवर. पहाटे साडेपाचला परत चालू. म्हणजे रोज रात्री पाच तास चारही चार्जर इंटरनेटशिवाय.

मग मीटररूमदादांना फोन लावला. ते म्हणाले, खिशात असेल ते कार्ड टेकवून बघा. मी माझ्या ऑफिसचं ओळखपत्र टेकवलं. बीप वाजला आणि दिवा हिरवा झाला. सोसायटीच्या चार्जरशी ज्याचा काडीचा संबंध नाही, ते कार्ड. मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो.

---

मीटररूम

आता सगळं लिहितो, इतरांच्याही उपयोगी पडेल.

चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर ओसीपीपी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तिची १.६ आवृत्ती दिसते. कार्ड टेकवलं की चार्जर सर्व्हरला विचारतो, हा क्रमांक चालेल का? सर्व्हर हो म्हणाला तर वीज. पण नेट नसेल तेव्हा काय करायचं, हे चार्जरच्या सेटिंगमध्ये आधी ठरवावं लागतं. पर्याय तीन: कोणालाच देऊ नको, आत साठवलेल्या यादीतल्या कार्डांना दे, किंवा कोणतंही कार्ड आलं तरी दे. तिसऱ्याचं नाव 'अलाऊ ऑफलाइन टीएक्स फॉर अननोन आयडी'. सार्वजनिक जागी नेट गेल्यामुळे गाडीवाला अडकू नये म्हणून कोणीतरी ते चालू ठेवतं आणि चार्जर दुसरीकडे बसवताना बंद करायचं राहून जातं. तुमच्याकडे तेच झालं.

मग पहाटे नेट आलं की चार्जर साठवलेल्या नोंदी पाठवतो. सर्व्हर म्हणतो, हा क्रमांक अवैध. पण तोवर गाडी भरून निघून गेलेली असते. नोंद राहते, बिल कोणाच्याच नावावर होत नाही. म्हणून बिलाच्या अहवालात काही दिसत नाही आणि कच्च्या यादीत दिसतं.

उपाय याच क्रमाने करा. राउटर टायमरवरून काढा आणि छोट्या यूपीएसवर घ्या. कंपनीकडून ते सेटिंग बंद करून घ्या, तोंडी नको, बदलल्याचा लेखी निरोप घ्या. सभासदांच्या कार्डांची यादी चार्जरच्या आत भरून घ्या, म्हणजे नेट गेलं तरी आपली माणसं अडत नाहीत. चार्जरच्या सेटिंग पानाचा पासवर्ड बदला. कारखान्यातून येताना बऱ्याच चार्जरना एकच पासवर्ड असतो आणि तो अनेकदा माहितीपत्रकात छापलेला असतो. ब्रिटनमध्ये घर-ऑफिसच्या नव्या चार्जरना असा सामाईक पासवर्ड ठेवायला डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे. आपल्याकडे आपणच बदलायचा.

कार्डाची नक्कल होऊ शकते हे ऱ्हाइनकाठी यांचं म्हणणं खरं आहे, आणि ते चार्जर न बदलता पूर्ण बंद करता येत नाही. पण चार्जिंग सुरू होताच त्या सभासदाच्या फोनवर संदेश गेला पाहिजे. झोपेतून उठून जरी पाहिलं की आपली गाडी घरी नाही आणि आपल्या नावावर चार्जिंग चालू आहे, तरी दुसऱ्या दिवशी कार्ड रद्द होतं. हे अॅपमध्ये बहुधा असतंच, लोक बंद करून ठेवतात.

---

स्पष्टच_सांगतो

चार्जरबद्दल मी चुकीच्या माणसांवर बोट ठेवलं होतं, मान्य. पण हे करणारा जो कोणी सभासद आहे त्याचं नाव फलकावर लागलं पाहिजे.

---

वाकडचा_सचिव

उशिरा लिहितोय, सगळं पूर्ण झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं.

कंपनीने तीन पत्रांनंतर कच्ची यादी दिली. त्या महिन्यात एकाच अनोळखी कार्डाच्या नऊ नोंदी, सगळ्या रात्री साडेबारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान, मिळून २६८ युनिट. उरलेली ९ युनिट घट म्हणून पटण्यासारखी.

नाव शोधायला कॅमेऱ्याचं चित्रण काढायचं का, यावर कमिटीत वाद झाला. शेवटी आम्ही फलकावर फक्त नऊ तारखा आणि वेळा लावल्या आणि लिहिलं की या वेळी ज्यांनी चार्जिंग केलं त्यांनी आठ दिवसांत कार्यालयात भेटावं. तिसऱ्या दिवशी एक भाडेकरू स्वतःहून आले. कार्ड मिळायला वेळ लागत होता, एका रात्री ऑफिसचं कार्ड लावून पाहिलं, चाललं, म्हणून वापरत राहिले. पैसे कापले जात नाहीत हे त्यांना कळलं होतं आणि गप्प बसले, हेही त्यांनी कबूल केलं. दोन्ही महिन्यांचे पूर्ण पैसे भरले. नाव फलकावर लावलेलं नाही, लावणारही नाही. त्यांना आता रीतसर कार्ड मिळालंय. नव्या भाडेकरूला चार दिवसांत कार्ड द्यायचं हा नियम आम्ही ठरावात घेतला, कारण ती दिरंगाई आमचीच होती.

सेटिंग बंद झालं, राउटर यूपीएसवर गेला. परवा रात्री नेट काढून परत तेच ओळखपत्र टेकवलं. लाल दिवा. माझं सभासद कार्ड टेकवलं. हिरवा. गेल्या पंधरा दिवसांत सब-मीटर आणि अॅपमध्ये ४ युनिटचा फरक आहे.

वॉचमनकाकांची मी त्याच कमिटीसमोर, त्याच खोलीत माफी मागितली. ज्यांच्यासमोर विचारलं होतं ते सगळे येतील असं पाहिलं. काका म्हणाले, "वही चालू ठेवू ना?" वही चालू आहे.

पंपरूमचा पॉइंट काढला, पण सुरक्षेसाठी. तिथे पाणी गळतं आणि आरसीसीबी नव्हती. त्याऐवजी गेटजवळ पावसापासून आडोसा असलेला, आरसीसीबीसह एक पॉइंट द्यायचा प्रस्ताव आहे. डिलिव्हरीची मुलं, कामाला येणाऱ्या मावशी यांच्यासाठी, क्यूआरवर पैसे देऊन. कलमवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे त्याला वेगळी जोडणी घ्यावी लागेल, महावितरणच्या कार्यालयात अर्जाची चौकशी करून आलोय. सभेत मतदान पुढच्या रविवारी.

---

दोन_चाकी_दहा_तास

सर, पॉइंट झाला तर इथे सांगा. आमच्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे मुलं दुसरीकडे न विचारता लावणार नाहीत.

---

गोदाकाठ

सचिवदादा, त्या पॉइंटला वेळेची मर्यादा ठेवणार का? नाहीतर एकच स्कूटर रात्रभर अडवून बसेल.

---

वाकडचा_सचिव

हो ताई, प्रस्तावात एका वेळी ४५ मिनिटं लिहिली आहेत. क्यूआरवर तेवढ्याच वेळेचे पैसे भरता येतील आणि वेळ संपली की कॉन्टॅक्टर पुरवठा तोडेल. कॉन्टॅक्टरची कल्पना तुमच्याच प्रतिसादातून घेतली. रविवारी काय होतं ते इथेच लिहितो.